काटेकोरपणा जेव्हा विकार होतो

हिशेब चोख असावा, वस्तू जागच्या जागी असाव्यात, हे संस्कार आपण मुलांना आवर्जून देतो. धर्मादाय संस्थेचा कारभारही काटेकोरपणावाचून चालत नाही. तथापि काही व्यक्तींमध्ये हाच गुण इतका ताठर होतो की काम खोळंबते आणि घरची माणसे दुरावतात. या अवस्थेस ‘ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजेच अतिकाटेकोर व्यक्तिमत्त्वाचा विकार, असे म्हणतात.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत याची ८ लक्षणे दिली आहेत : नियम व याद्यांत गुंतून मूळ हेतू हरवणे, निर्दोषतेच्या हव्यासापायी काम अपुरे राहणे, विश्रांती व स्नेहसंबंध सोडून कामालाच जुंपणे, नीतिनियमांबाबत कमालीचा ताठरपणा, निरुपयोगी वस्तूही न टाकणे, दुसऱ्यावर काम न सोपवणे, भावी संकटाच्या भीतीने पैसा धरून ठेवणे, आणि हट्टीपणा. यांपैकी किमान ४ लक्षणे तरुण वयापासून सातत्याने दिसत असतील आणि त्यांमुळे जीवन विस्कळीत होत असेल, तरच तज्ज्ञ तसे निदान करतात. नुसती टापटीप म्हणजे आजार नव्हे.

‘मंत्रचळ’ हा आजार याहून वेगळा आहे. मंत्रचळाच्या रुग्णास पुन्हा पुन्हा हात धुणे बहुधा स्वतःलाच नकोसे वाटते. येथे मात्र व्यक्तीला आपले वागणे योग्यच वाटते; चुकतात ते इतर! म्हणूनच मदतीसाठी प्रथम येतात ते बहुधा कुटुंबीय.

या विकारावर खास असे औषध नाही. सोबत नैराश्य वा चिंता असल्यास डॉक्टर औषधे देतात. मुख्य भिस्त मानसोपचारावर असते. ‘निर्दोष नसेल तर निरुपयोगी’ ही धारणा तपासणे, एखादे काम दुसऱ्यावर सोपवून पाहणे, अशा लहान पावलांनी बदल घडतो. त्यास महिनोन्‌महिने लागू शकतात.

कुटुंबीयांनी रोगाचे नाव घेऊन हुज्जत घालू नये. थकवा, निद्रानाश, रखडलेली कामे, असा जो त्रास त्या व्यक्तीलाही जाणवतो, तेथून बोलणे सुरू करावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मार्गदर्शनासाठी निःशुल्क उपलब्ध आहे.

देणगीदारांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, या उपचारास महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो प्रशिक्षित समुपदेशकाचा वेळ. तो वेळ आपल्या दानातून उभा राहिला, तर एका रुग्णाबरोबर अवघे घर मोकळा श्वास घेऊ शकेल.