गाडीचीही आगोट असते

मे महिना लागला की आमच्या पोलादपूरच्या आळीत एकच गडबड उडते. गच्चीवर कुरडया, अंगणात पापड, पडवीत लाकूडफाटा. सुकट, बोंबील, मीठ, कडधान्य, वर्षाचा मसाला, आमसुलं... सासूबाईंची यादी तोंडपाठ असते. पाऊस एकदा सुरू झाला की चार महिने सूर्यदर्शन नाही, म्हणून त्याच्या तोंडाशी करायची ही बेगमी. आम्ही तिला आगोट म्हणतो. कोकणातल्या बाईला आगोट शिकवावी लागत नाही, ती अंगातच असते.

पण दारात उभ्या असलेल्या, आमचं घर चालवणाऱ्या जुन्या पिकअपचीही आगोट करायची असते, हे मला लग्नाला पंधरा वर्षं होईपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळायला आम्हाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

आमची पिकअप २००८ सालची. आम्ही घेतली तीसुद्धा सेकंडहँड. हे वाईहून भाजी भरतात, पाचगणी-महाबळेश्वर करत आंबेनळी घाट उतरतात आणि पोलादपूर, महाडच्या दुकानांना माल टाकतात. गाडीतलं मला काय कळायचं? डिझेलचा वास आणि धुवायला पडलेले काळे कपडे, एवढाच माझा संबंध. ‘बाईमाणसाला कशाला त्यात लक्ष घालायला हवं’, असं कुणी म्हणालं नव्हतं. मी आपली स्वतःच तसं समजून चालले होते.

२१ जुलै २०२१ ची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पहाटे महाडहूनच माल भरायचा होता, म्हणून ह्यांनी गाडी तिथे माझ्या धाकट्या दिरांच्या दारात लावली आणि ते एसटीने घरी आले. रात्री पाऊस असा कोसळला की बोलायची सोय नाही. सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या महाडात शिरल्या. फोन बंद, वीज बंद, रस्ते बंद. २२ जुलैला तळीयेवर दरड कोसळली. आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळेत तेच झालं. माणसंच्या माणसं गाडली गेली. त्या दिवसांत गाडीचा विचार मनात आणायचीही लाज वाटत होती.

पाणी ओसरलं तेव्हा दिरांच्या घरात कमरेएवढा चिखल होता. गाडी जागेवर होती, पण टपापर्यंत बुडून निघालेली. दिरांना वाटलं, दादाची रोजीरोटी आहे, निदान चालू होते का बघूया. त्यांनी वरवर चिखल काढला आणि सेल्फ मारला. ‘टक्’ असा एक आवाज झाला आणि सगळं थांबलं.

त्या एका आवाजाचा अर्थ मला नंतर गॅरेजमधल्या मिस्त्रींनी समजावून सांगितला. “वहिनी, डिझेल इंजिन हवा दाबून दाबून तापवतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टनला वर जायला जागाच मिळत नाही. मग त्याला जोडलेला लोखंडी दांडा वाकतो. सेल्फ मारला नसता, तर पाणी काढून, तेलं बदलून, साफसफाई करून गाडी कदाचित निभावली असती.”

विम्याच्या माणसाचा पहिला प्रश्नही तोच. “पाणी गेल्यावर चालू करून पाहिली होती का?” आम्ही खरं ते सांगितलं. बुडाल्यामुळे झालेलं नुकसान वेगळं आणि नंतर चालू केल्यामुळे झालेलं वेगळं, असा हिशोब झाला. इंजिनासाठी जादा संरक्षण घेतलेलं नसेल, तर सहसा ते पैसे मिळत नाहीत. आमच्या पॉलिसीत ते नव्हतं. इंजिन आमच्याच गळ्यात पडलं. माझ्या पाटल्या गहाण गेल्या. दिरांना आम्ही एका शब्दानंही बोललो नाही. बिचाऱ्यांचं स्वतःचंच घर वाहून गेल्यासारखं झालं होतं आणि त्यांना माहीत नव्हतं तसं आम्हालाही माहीत नव्हतं.

गाडी पाच महिने गॅरेजमध्ये होती. हे दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून जायचे. मग गॅरेजमध्ये उभं कोण राहणार? मी. पहिल्या दिवशी पदर सावरत कोपऱ्यात स्टुलावर बसले. पोरं माझ्याकडे बघून हळूच हसायची. आठव्या दिवशी मीच विचारायला लागले, “हे काय? ते कशाला? हे कधी बदलायचं?” मिस्त्री भला माणूस. सांगत गेले. मी मुलाच्या वहीची मागची पानं घेऊन लिहीत गेले. तीच आमच्या गाडीची वही. मे महिन्यात पापडांचं पीठ भिजवलं की मी ती उघडते.

बर्फ पडणाऱ्या देशांत म्हणे थंडीआधी गाड्यांची अशीच तयारी करतात. रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात औषध घालतात, आणि कडाक्याच्या थंडीत तर डिझेलसुद्धा गोठायला लागतं. आपल्याकडे तो त्रास नाही. आपल्या गाड्यांचा वैरी पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमची गाडी त्याच्याच खालून ये-जा करते.

तर वहीतलं पहिलं पान टायरचं. टायरच्या खाचांमध्ये मुद्दाम ठेवलेले बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे टायर संपला. खाचांतून पाणी बाहेर फेकलं जातं. खाच नसेल तर गाडी रस्त्यावर नाही, पाण्यावर चालते. स्टेपनीही बघायची. ती बिचारी नेहमी विसरली जाते.

दुसरं पान बॅटरीचं. टोकांवर पांढरं-हिरवट साचतं, ते गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून व्हॅसलिन लावायचं. वायपरचं रबर दरवर्षी नवं. उन्हाने ते कडक होतं आणि काच पुसण्याऐवजी फरकाटे मारतं. डिझेल फिल्टरच्या खाली एक स्क्रू असतो, तो सैल करून तळाशी साठलेलं पाणी काढून टाकायचं. खालच्या पाट्यांना, सांध्यांना ग्रीस. हौद्याचा पत्रा कुठे फुगलाय, कुठे गंजलाय ते बघून खरवडून रंग. ताडपत्री उन्हात पसरून भोकं शोधायची. हे काम सासूबाईंचं, त्यांच्या नजरेतून टाचणीएवढं भोकही सुटत नाही.

मग कागद. आठ वर्षांच्या पुढच्या मालगाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. विमा, पीयूसी, पासिंग यांच्या तारखा मी वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिते. विमा भरताना इंजिनाच्या जादा संरक्षणाचं आधी विचारते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं पान ब्रेकचं. ते पान मी दोन वर्षांनी जास्तच ठळक केलं. सांगते का ते.

२०२३ चा मे. हात जरा तंग होता. मुलीची बारावी झाली होती, पुढची फी भरायची होती. हे म्हणाले, “अगं, ब्रेक धरतोय व्यवस्थित. या वर्षी राहू दे ब्रेकचं.” मी वही पुढे केली. ब्रेकचं तेल बदलून दोन वर्षं होत आली होती. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, आपल्या बरणीतल्या मिठासारखं. घाट उतरताना ब्रेक तापतात, मग तेलातला तो ओलावा उकळतो, त्याची वाफ होते आणि पाय दाबला तरी पेडल नुसतंच खाली जातं. तेही सपाटीवर नाही, नेमकं घाटात. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीवर आणि तिथून पोलादपूर चाळीसेक किलोमीटर, बहुतेक सगळा उतार.

आमच्यात त्या दिवशी चांगलीच वादावादी झाली. “गाडी मी चालवतो का तू?” असंही झालं. मी म्हटलं, “चालवता तुम्हीच. पण वाट मी बघते.” हे गप्प झाले. २८ जुलै २०१८ ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली होती. एकच माणूस वाचला. पोलादपूरच्या कुठल्याही घरात ती आठवण काढायला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी मागचं चाक उघडलं आणि ते बघतच राहिले. आतून तेल झिरपत होतं, लायनर त्या तेलाने माखलेला. दुसऱ्या चाकाचा लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेला. मिस्त्री ह्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, “वहिनी, ही गाडी परवा आंबेनळी उतरली कशी?”

हे काही बोलले नाहीत. घरी येताना रस्त्यात थांबले आणि मला उसाचा रस पाजला. आमच्यात माफी मागायची हीच पद्धत.

फीचे पैसे पुढे हप्त्याने भरले. त्याचं काही वाटलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या दारात पिकअप नसेल. रिक्षा असेल, टेम्पो असेल, धन्याची मोटारसायकल असेल, तुमची स्वतःची स्कूटी असेल. गाडी दुरुस्त करायला शिका असं मी म्हणत नाही, तो मिस्त्रींचा धंदा आहे. पण तिचं काय कधी बदलायचं हे घरात कुणाला तरी माहीत हवं, आणि ते लिहून ठेवायची सवय आपल्यालाच जास्त असते. गॅसचा नंबर, दूधवाल्याचा हिशोब, मुलांचे डोस, सगळं आपल्याच वहीत असतं ना? मग तिथेच आणखी एक पान.

आणि चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा. मी मुलांकडून करून घेतल्या आहेत. पुराचा इशारा आला की गाडी आधी उंचावर न्यायची. गाडी बुडालीच तर चावी फिरवायची नाही, शक्य असेल तर बॅटरीची वायर काढायची आणि गाडी ओढून गॅरेजला न्यायची. वाहत्या पाण्यात किंवा पाण्याखाली गेलेल्या पुलावर गाडी घालायची नाही, मग पलीकडे कितीही महत्त्वाचं काम असो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या, हे आम्ही पाहिलंय. त्या रात्री पूल नाही हे कुणाला दिसलंच नाही. आपल्याला धोका दिसत असताना तरी थांबायला हवं. आणि चौथी गोष्ट, पाण्यातून गाडी बाहेर आली की थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलके हलके दाबायचा, म्हणजे ओले लायनर सुकतात आणि वेळेला धरतात.

पाटल्या गेल्या वर्षी सुटल्या. गाडी आता अठराव्या वर्षात आहे. चढावर धापा टाकते, पण थांबत नाही. हे घाट उतरून खाली आले की एक मिस्ड कॉल देतात. तो वाजला की मी भाताला आधण ठेवते.

परवा सासूबाई पडवीत बसून यादी सांगत होत्या आणि मी लिहीत होते. “मीठ दहा किलो, सुकट, वाल, चिंच...” मी वही मिटायला लागले तशा म्हणाल्या, “थांब गो. आणि गाडीचं ते ब्रेकाचं तेल. ते राहिलं बघ लिहायचं.”