काजळीचा कण आणि ‘नॅनो’चा शिक्का

आपल्या आज्या-पणज्या घरी काजळ कसे धरीत, ते पुष्कळांनी पाहिले असेल. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर पितळेची ताटली उपडी धरायची आणि तिच्या पोटाला लागलेली काजळी खरवडून घ्यायची. त्या काजळीचा एकेक कण किती बारीक असतो, ठाऊक आहे? डोक्याचा एक केस उभा चिरून त्याच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही बारीक! शाळेची पायरी न चढलेल्या त्या माउल्या ज्या पदार्थाला हात लावीत होत्या, त्यालाच आज शास्त्रज्ञ ‘नॅनो’ पदार्थ म्हणतात.

हा शब्द आता पाण्याच्या फिल्टरवर, मोज्यांवर, रंगाच्या डब्यावर, एवढेच काय, खताच्या बाटलीवरही छापलेला दिसतो. वाचकहो, न समजलेला शब्द गरिबाचा खिसा हलका करतो. म्हणून तो नीट समजून घेऊ.

नॅनो म्हणजे किती?

ग्रीक भाषेत ‘नॅनोस’ म्हणजे बुटका. एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. साधारण १ ते १०० नॅनोमीटर मापाचे कण ज्यात असतात, ते नॅनो पदार्थ.

पण नुसत्या बारीकपणाचे एवढे कौतुक कशाला? अख्खे मिरे आमटीत टाकले तर जिभेला फारसे कळत नाही; तेच कुटून टाकले की ठसका लागतो. मिरे तेवढेच, पण कुटल्यामुळे त्यांची उघडी बाजू वाढली. आता मुलांना वही-पेन्सिल घेऊन हिशेब करायला बसवा. एक सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असा चौकोनी खडा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटीमीटर. त्याच खड्याचे एकेक नॅनोमीटरचे चौकोनी तुकडे केले आणि सगळ्यांच्या बाजूंची बेरीज केली, तर ती ६ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भरते! वजन मात्र रतीभरही वाढत नाही. पाण्याशी, हवेशी किंवा जंतूशी पदार्थाची गाठ पडते ती त्याच्या पृष्ठभागावरच. नॅनो कणांच्या बळाचे एक मोठे कारण हेच आहे.

घरात आणि रस्त्यावर

रबराच्या झाडाचा चीक पांढरा असतो. मग सायकलीपासून एस.टी.पर्यंत सगळे टायर काळे का? त्यांच्या रबरात काजळीचाच कारखान्यात तयार झालेला भाऊबंद, ‘कार्बन ब्लॅक’, मिसळलेला असतो. त्याचे बारीक कण रबराला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे टायर लवकर झिजत नाही. शंभराहून अधिक वर्षे हे चालू आहे.

क्रिकेटचे खेळाडू तोंडाला पांढरे पट्टे ओढत, ते झिंक ऑक्साइडचे. ते कातडीला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवते. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटा ४०० ते ७०० नॅनोमीटर लांब असतात. झिंकचे कण त्याहून खूपच लहान केले की पांढरेपणा दिसेनासा होतो, संरक्षण मात्र राहते.

डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हा फिल्टर बाजारात आला. भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर बसवलेले चांदीचे नॅनो कण, ही त्याची युक्ती. वीज नको, नळ नको, आणि तेव्हा किंमत हजार रुपयांच्या आत होती. चांदीचा पाण्यात सुटणारा सूक्ष्म अंश जंतूंना मारतो. ज्या घरात नळाला पाणीच नाही, तेथे अशा शोधाचे मोल मोठे आहे.

शिक्का म्हणजे पुरावा नव्हे

परंतु चांदी जंतू मारते म्हणून पाण्यातले सगळेच दोष काढते, असे नाही. खारेपणा किंवा फ्लोराइड तिने जात नाही. बोअरचे पाणी पीत असाल तर ते आधी तपासून घ्यावे. ‘वास न येणाऱ्या’ मोज्यांतली चांदीही धुण्याबरोबर थोडी थोडी गटारात जाते.

२०२१ पासून द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत गोणीभर युरियाचे काम होते, असा दावा झाला. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचण्यांत मात्र गहू व भाताचे उत्पादन घटलेले आढळले. गावी शेती करणाऱ्या भावाला हे जरूर सांगा. विकणाऱ्याला विचारा: यात नेमके काय आहे? ते कोणते काम करते? तपासले कोणी?

छाती सांभाळा

टायरमध्ये जखडलेला कण वेगळा आणि हवेत उडणारा कण वेगळा. वेल्डिंगच्या आणि डिझेलच्या धुरात असेच नॅनो मापाचे कण असतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक ठरवले.

आपल्यापैकी किती घरांत वेल्डर, फिटर, ड्रायव्हर आहेत! तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवू शकत नाही. धुरासाठी प्रमाणित केलेला, तोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा. धूर ओढून घेणारा पंखा हवा. तो नसेल तर निदान मोकळ्या हवेत काम व्हावे. कारखान्यातला धूर कामगाराच्या छातीत जाऊ नये, याची व्यवस्था करणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. ती मागताना संकोच कसला?

आणि भगिनींनो, घरधनी कामावरून आल्यावर त्याने रुमालात नाक शिंकरले आणि त्यावर काळे दिसले, तर ते नुसते धुऊन टाकू नका. ती कसली काजळी आहे आणि छातीत किती गेली असेल, हे त्याला विचारा. उद्या कामावर जाताना मास्क घेतल्याशिवाय त्याला घराबाहेर पडू देऊ नका.