एका जागी तरंगण्याची विद्या

भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी हेलिकॉप्टर जवळून दिसते ते निवडणुकीच्या दिवसांत. मैदानावर चुन्याने मोठा ‘एच’ आखला जातो, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारले जाते आणि दुपारी घरघर ऐकू आली की पोरे गच्च्यांवर, झाडांवर चढतात. सभेत कोण काय बोलले हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही, पण ते यंत्र जमिनीच्या हातभर वर क्षणभर थांबले आणि मग अलगद टेकले, हे पोरांच्या डोळ्यांतून जात नाही. ते क्षणभर थांबणेच हेलिकॉप्टर उडवण्यातले सर्वांत अवघड काम आहे. रिमोटवरचे छोटे हेलिकॉप्टर शिकायला घेतलेल्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी कळते.

गेल्या पंधरा-सतरा वर्षांत हे शिकणे बरेच बदलले. 2009-10च्या सुमारास चिनी बनावटीची तळहाताएवढी खेळणी बाजारात आली. एकाच दांड्यावर एकावर एक अशा दोन पात्यांच्या जोड्या, उलट दिशांनी फिरणाऱ्या. एकीचा पीळ दुसरी मारते, त्यामुळे यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही आणि सोडून दिले तरी बरेचसे सरळ राहते. रिमोट इन्फ्रारेडचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखाच. उन्हात तो चालत नसे. खेळ मग संध्याकाळी ओसरीत किंवा दार लावून बैठकीच्या खोलीत, आणि पंखा बंद ठेवून. वाऱ्याची झुळूक आली की हेलिकॉप्टर भिंतीला.

त्या खेळण्यावरून खऱ्या हेलीवर जाणारा बहुतेक प्रत्येक जण सुरुवातीला फसला. ‘हेली’ हा छंदातल्या लोकांचा शब्द. वर एकच मोठा रोटर, मागे छोटा शेपटीचा रोटर आणि रिमोटवर निदान चार चॅनेल. डाव्या दांडीवर उंची आणि शेपूट, उजव्या दांडीवर पुढे-मागे आणि डावी-उजवी. यातले एक हलवले की बाकीची तीन बिघडतात. उंची वाढवायला पात्यांचा कोन वाढवला की पीळ वाढतो आणि शेपूट सरकते. शेपूट आवरावी तर यंत्र एका बाजूला वाहू लागते. बहुतेक मॉडेल हेलींचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. शेपटीचा रोटर मग अख्ख्या यंत्राला डावीकडे ढकलत राहतो. म्हणून एका जागी थांबलेली हेली नीट निरखली तर किंचित उजवीकडे कललेली दिसते. नवशिक्याला वाटते जोडणीत चूक झाली. चूक नसते, तोच तिचा तोल.

हा तोल कुणी सांभाळायचा, माणसाने की यंत्राने, या प्रश्नाभोवतीच या छंदाचा सगळा इतिहास फिरतो. अमेरिकेतल्या आर्थर यंगने 1928 पासून छोट्या मॉडेलांवर प्रयोग केले. पेनसिल्व्हेनियातल्या एका कोठारात तो तारेने जोडलेली मॉडेले उडवी, मोडी, पुन्हा जोडी. रोटरसोबत फिरणारा, दोन टोकांना वजन असलेला दांडा बसवल्यावर त्याचे मॉडेल हवेत स्थिर झाले. 1941 साली त्याने ते बेल कंपनीला दाखवले आणि 8 मार्च 1946 रोजी त्याच तत्त्वावरच्या बेल 47 ला अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. मोठी हेलिकॉप्टरे आधी आली आणि त्यांची खेळणी नंतर, असा आपला समज असतो. इथे उलटे घडले. जगातली एक अतिशय यशस्वी हेलिकॉप्टर-मालिका मॉडेलातून जन्मली.

रेडिओवर चालणारे मॉडेल मात्र त्यानंतरही बराच काळ कुणाच्या हाती लागेना. जर्मनीतल्या डीटर श्ल्यूटरने 1970च्या सुमारास आपले ह्यूइकोब्रा मॉडेल खऱ्या अर्थाने नियंत्रणात उडवले आणि पुढे त्याचे जोडणीसंच विकायला आले. तेव्हाच्या यंत्रात तेलावरचे इंजिन होते आणि शेपूट पूर्णपणे माणसाच्या अंगठ्यावर होती. शेपटीचा ताबा हळूहळू जायरोकडे, म्हणजे वळणे ओळखून सावरणाऱ्या उपकरणाकडे गेला. 1990च्या दशकात तर सोडलेली दिशा लक्षात ठेवून धरून ठेवणारा जायरो आला. मग तेलाच्या इंजिनाची जागा ब्रशलेस मोटार आणि लिथियम-पॉलिमर बॅटरीने घेतली. 2.4 गिगाहर्ट्झचे रिमोट आल्यावर शेजारच्याच्या रिमोटने आपले यंत्र पडण्याची भीतीही संपली. 2010च्या आसपास यंगचा तो दांडाही गेला. त्याचे काम आता बोटाच्या पेराएवढे सर्किट करते.

तरीही हेली शिकणे सोपे झाले असे कुणी म्हणत नाही. फरक इतकाच की पूर्वी दहा पडझडींत जे उमगे, ते आता संगणकावर फुकट पडून उमगते. सिम्युलेटरला खरा रिमोट जोडायचा, पडद्यावरची हेली आपटायची, एक बटण दाबून पुन्हा उभी करायची. आपल्याकडे या सोयीचे मोल फार मोठे होते, कारण मुख्य गिअर, पात्यांची जोडी, शेपटीची नळी हे सगळे बहुधा परदेशातून मागवावे लागे आणि एका धडपडीनंतर महिनाभर हेली कपाटावर पडून राही. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. इथल्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी जुळते, इतका या गावाचा दूरदेशाशी जुना संबंध. पण एका दातेरी चाकासाठी हाँगकाँगहून येणाऱ्या पाकिटाची वाट पाहणे हा संयमाचा वेगळाच धडा होता.

मैदानावरचा क्रम मात्र बदललेला नाही. हेलीच्या पायांखाली काड्यांची फुली बांधायची आणि टोकांना प्लास्टिकचे चेंडू लावायचे, म्हणजे ती कलंडत नाही. शेपूट आपल्याकडे ठेवून फक्त वितभर उचलायची आणि टेकवायची. जमिनीलगत हवेची गादी तयार होते, तीत हेली बर्फावर ठेवल्यासारखी घसरते. म्हणून थोडा धीर आला की डोळ्यांच्या उंचीवर न्यायची, तिथे ती जास्त शांत असते. मग बाजू आपल्याकडे करून आणि शेवटी नाक आपल्याकडे करून. नाक समोर आले की डावे-उजवे उलटते. मेंदूला माहीत असते, अंगठ्याला नसते. अंगठ्याला ते पटेपर्यंत अनेकांचे महिने जातात.

मराठवाड्यात याला आणखी काही गोष्टी चिकटतात. सोयाबीन निघाल्यावर मोकळे झालेले रान उडवायला चांगले. नांगरट केलेली ढेकळे पडणाऱ्या हेलीला झेलतात, पण तिथली बारीक माती बेअरिंगमध्ये शिरते. उन्हाळ्यात सूर्य वर आला की वारा सुटतो, त्यामुळे खरा सराव सकाळी लवकर. लाइट गेली तर बॅटरी चार्ज होते ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, कारण छंदाचे बहुतेक चार्जर 12 व्होल्टवर चालतात.

धोक्याबद्दल स्पष्टच बोलायला हवे. साधारण 70 सेंटीमीटर व्यासाचा रोटर मिनिटाला 2500 फेरे घेतो तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी 330 किलोमीटरच्या आसपास जातो. 2013 साली न्यूयॉर्कमध्ये 19 वर्षांचा एक निष्णात तरुण स्वतःच्याच मॉडेलच्या पात्याने दगावला. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावी एका तरुण कारागिराने स्वतः बनवलेल्या, माणूस बसेल एवढ्या हेलिकॉप्टरची चाचणी सुरू असताना पाते तुटले आणि त्यात त्याचा जीव गेला. आठवीपर्यंत शिकलेल्या त्या मुलाने पत्रे जोडता जोडता हे स्वप्न उभे केले होते. त्याच्याजवळ हुन्नर होता. तो पारखायला सुरक्षित जागा आणि सोबत एखादा जाणकार असता, तर कदाचित वेगळे घडले असते. ही खंत महाराष्ट्राने विसरू नये.

त्याच महिन्यात, 25 ऑगस्ट 2021 रोजी देशाचे ड्रोन नियम आले. ऑक्टोबर 2014 च्या सूचनेने नागरी ड्रोनवर सरसकट बंदीच आणली होती आणि छंदाचे लोकही त्या धास्तीत होते. नव्या नियमांनी 25 किलोपर्यंतच्या, केवळ शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलांचा वेगळा वर्ग मान्य केला. विमानतळापासून दूरच्या, हवाई नकाशावर हिरव्या दाखवलेल्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत वाट मोकळी झाली.

दरम्यान लोकांचा ओढा चार पंखांच्या यंत्राकडे वळला होता. आयआयटी मुंबईच्या मुलांनी 2007 मध्ये सुरू केलेल्या आयडियाफोर्जचे उडते यंत्र 2009 च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये घराघरांत दिसले. पुढे शेतात फवारणीचे ड्रोन आले. केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले, किमतीच्या 80 टक्के आणि जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत अनुदान देऊन. कापूस, मका, मिरचीच्या या पट्ट्यातही पाठीवरचा पंप घेऊन विषारी फवाऱ्यात चालणाऱ्या बायाबापड्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

या फवारणीची सुरुवातसुद्धा हेलीतूनच झाली. जपानच्या यामाहाने 1987 मध्ये आर-50 हे रिमोटवरचे हेलिकॉप्टर भातशेतीवर औषध मारण्यासाठी बाजारात आणले. ते चालवणाऱ्या शेतकऱ्यांना आधी तोल, दिशा आणि वारा हातानेच शिकावा लागे. आजचा ड्रोन उपग्रहाच्या आधारे स्वतःहून थांबतो. तो आधार तुटला की मात्र यंत्र वाऱ्याबरोबर वाहते, आणि नाक आपल्याकडे असताना कोणती दांडी कुठे ढकलायची हे ज्याच्या अंगठ्यांना ठाऊक, त्याचेच यंत्र पिकात न पडता परत येते.

तालुक्यातल्या ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथे संगणक आधीच आहेत. त्यांवर एक सिम्युलेटर आणि त्याला जोडायला एक रिमोट, एवढेच घ्यावे. मुलामुलींनी तिथे मनसोक्त पडावे, मग पावकिलोच्या आतली छोटी हेली घेऊन सकाळच्या शांत हवेत, मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि लोकांपासून दूर, मोकळ्या रानात जावे. सोयाबीन निघाल्यावर भोकरदनमध्ये जागेची वाण पडत नाही.