“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

लहानपणी नात्यातल्याच माणसानं लैंगिक अत्याचार केला होता, हे कॉलेजात शिकणारी मुलगी घरी पहिल्यांदा सांगते, तेव्हा समोरून बहुधा हाच प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही तयार असतं. शहरात गेल्यावर कुणीतरी हे डोक्यात भरवलं असणार, नाहीतर तेव्हा फारसं काही झालंच नसणार. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक मोठा अहवाल काढला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणं झालं होतं. ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. व्याख्या व्यापक होती हे खरं, पण गंभीर प्रकार वेगळे काढले तरी आकडा २२ टक्क्यांच्या घरात जातो. त्यातल्या बहुतेकांनी तोवर कुणालाही काही सांगितलं नव्हतं. म्हणजे गप्प राहणं हाच नियम आहे, बोलणं हा अपवाद.

कारण उघड आहे. याच अहवालानुसार अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा त्याची जबाबदारी असलेले होते. आठ वर्षांच्या मुलीच्या लेखी तो खाऊ आणणारा काका असतो. आई त्यालाच वाकून नमस्कार करायला लावते. तो याला खेळ म्हणतो, ‘आपलं गुपित’ म्हणतो. तक्रार करायची तर कशाची, हेच तिला ठाऊक नसतं.

ते कळतं पुष्कळदा घर सुटल्यावर. हॉस्टेलवर आतून कडी लावता येणारी खोली मिळते. मैत्रिणी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोलतात आणि त्यातली एखादी अगदी तसलंच काही सांगते. मग मोबाइलमधले जुने फोटो चाळताना लक्षात येतं, की घरातल्या प्रत्येक लग्नाच्या ग्रुप फोटोत आपण त्या माणसापासून सगळ्यात लांबच्या टोकाला उभे आहोत. अनेकांना घटना कायम आठवत असते. तिचा अर्थ मात्र विशीत लागतो.

काहींना खरोखरच आठवत नाही, आणि इथे दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. अमेरिकेतल्या संशोधक लिंडा विल्यम्स यांनी १९९४ साली १२९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणच्या अत्याचाराची नोंद या सगळ्यांच्या रुग्णालयाच्या कागदपत्रांत होती, तरी सुमारे १७ वर्षांनी विचारल्यावर ३८ टक्के स्त्रियांनी ती घटना सांगितली नाही. पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगानं उलट बाजू दाखवली : लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची न घडलेली गोष्ट २४ जणांना सुचवली, तर चौघांपैकी साधारण एकाला ती थोडीफार ‘आठवली’. तेव्हा विसरणं हा खोटेपणाचा पुरावा नाही. पण ‘तुझ्यावर नक्कीच अत्याचार झाला असणार’ असं म्हणून आठवणी उकरणारा समुपदेशक गाठ पडला, तर तिथून खुशाल उठावं.

“मुलग्यांना काय होतंय!” हे तर सर्रास ऐकू येतं. २००७च्या अहवालात अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्त, ५३ टक्के होते. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

या मुलग्यांना आणखी एक भीती पोखरते. ज्याच्यावर अत्याचार झाला तो पुढे स्वतः तेच करतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. मग बहिणीचं बाळ मांडीवर घ्यायलाही हात धजावत नाहीत. संशोधक कॅथी विडम यांनी अमेरिकेत अत्याचाराच्या न्यायालयीन नोंदी असलेल्या मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. लैंगिक अत्याचार सोसलेली मुलं मोठेपणी लैंगिक गुन्ह्यांकडे अधिक वळतात, असं त्यांना आढळलं नाही.

“ओरडली का नाहीस?” याचं उत्तर शरीराकडे आहे. पळता येत नाही, प्रतिकार करता येत नाही, तेव्हा ते थिजतं. हा निर्णय कुणी विचार करून घेत नाही. त्यातून संमतीही सिद्ध होत नाही.

आता कायद्याचं. ‘इतक्या वर्षांनी केस होत नाही’ हे नातेवाइकांचं आवडतं वाक्य. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना आपल्याकडे मुदत नाही, आणि पॉक्सोखालची तक्रार पीडिताला कोणत्याही वयात करता येते, असं केंद्र सरकारनं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहिता लागते. ‘कपड्यांवरूनच तर हात लावला’ हा बचावही आता टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये त्वचेला त्वचेचा स्पर्श आवश्यक मानला होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द केला.

सगळ्यांनाच लगेच पोलिसांत जायचं नसतं. दिल्लीतली राही ही संस्था १९९६ पासून लहानपणी अत्याचार सोसलेल्या प्रौढ स्त्रियांसोबत काम करते, मुंबईत अर्पण आहे, आणि सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं, की कोणती गोष्ट त्याला गुप्त ठेवता येते आणि कोणती कळवणं कायद्यानं भाग आहे. अत्याचार करणारा माणूस आजही घरातल्या लहान पोरांत वावरत असेल, तर मात्र थांबून चालत नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.