आगीचा बंब पाणी कसे उचलतो?

आगीचा बंब आला म्हणजे पाणी आले, असा आपल्या सर्वांचा समज असतो. घंटा वाजवीत लाल गाडी येते, जवान उड्या टाकून उतरतात, नळी पसरतात आणि पाण्याचा फवारा सुरू होतो. हा समज पहिल्या काही मिनिटांपुरता खरा आहे. पुढे मात्र असा प्रसंग कुठेही येऊ शकतो की, बंब विहिरीशेजारी उभा आहे, इंजिन चालू आहे, जाड नळी पाण्यात सोडलेली आहे आणि तरीही पाण्याचा थेंब येत नाही. जमलेले लोक चिडतात, पंप नादुरुस्त आहे असे म्हणतात आणि जवानांना दूषणे देऊ लागतात. प्रत्यक्षात अशा वेळी पंप अनेकदा ठणठणीत असतो. त्याच्या वाटेत फक्त हवा असते. ही हवा बाहेर काढून पंपात पाणी आणण्याच्या क्रियेला 'प्रायमिंग' म्हणतात. प्रस्तुत लेखात या क्रियेची ओळख आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना करून द्यावी, असा आमचा प्रयत्न आहे.

आम्ही बँकेत कारकुनी करणारे आणि शिक्षणाने कला शाखेचे. हा शब्द आम्हाला प्रथम भेटला तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात. मंदीच्या काळात सरकारने थोडा पैसा बाजारात ओतून थांबलेले व्यवहार पुन्हा सुरू करणे, याला 'पंप प्रायमिंग' म्हणतात. १९३० नंतरच्या महामंदीत अमेरिकेत या शब्दाचा बराच बोलबाला झाला. पुढे कार्यालयात अग्निशमनाचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा बंबावरच्या यंत्रचालकाने हाच शब्द उच्चारला आणि मूळ पंपाविषयी आमचे कुतूहल जागे झाले. विचारून आणि वाचून जे समजले, ते येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

अडीच मिनिटांचा हिशोब

बंबाच्या पाठीवर पाण्याची टाकी असते. समजा, ती ४५०० लिटरची आहे आणि पंप मिनिटाला १८०० लिटर पाणी फेकतो. भागाकार केला तर टाकी अडीच मिनिटांत रिकामी होते. फवारे कमी ठेवून ती अधिक वेळ पुरवता येते, परंतु मोठ्या आगीत दुसरे पाणी शोधावेच लागते.

टाकीतले पाणी घेताना प्रायमिंगची अडचण येत नाही. टाकी पंपापेक्षा वर असते, त्यामुळे पाणी आपल्या वजनानेच पंपात उतरते. रस्त्यावरच्या हायड्रंटमधले पाणीही दाबाने येते. खरी परीक्षा होते ती विहीर, तलाव, नदी किंवा इमारतीखालची भूमिगत टाकी अशा ठिकाणी. येथे पाणी खाली आणि पंप वर असतो. मधल्या नळीत असते हवा.

पंपाला हवा का चालत नाही?

बंबावरचा पंप 'सेंट्रिफ्यूगल' म्हणजे केंद्रोत्सारी जातीचा असतो. त्यात पात्यांचे एक चाक असते. त्याला इंपेलर म्हणतात. चाक वेगाने फिरले की मध्यभागी आलेले पाणी कडेला फेकले जाते आणि त्या वेगाचे दाबात रूपांतर होते. ओले कपडे पिळणाऱ्या यंत्रात पाणी कडेला उडते, तोच हा प्रकार. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात जॉन अॅपोल्ड यांनी वक्र पात्यांचा असा पंप मांडला, तेव्हा त्याच्या कामगिरीने लोक थक्क झाले होते.

मात्र फेकण्याची ही शक्ती फेकल्या जाणाऱ्या वस्तूच्या वजनावर अवलंबून असते. दगड लांब फेकता येतो. कापूस कितीही जोर लावला तरी जवळच पडतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी आहे. म्हणून जो पंप पाण्याने भरलेला असताना ७० मीटर उंचीइतका दाब निर्माण करतो, तोच पंप हवेने भरलेला असताना खालचे पाणी जेमतेम ८-९ सेंटीमीटर वर आणू शकतो. म्हणजे वीतभरसुद्धा नाही! इंजिन कितीही गुरगुरले तरी पाणी हलत नाही, याचे कारण हे आहे.

अडवणारी ही हवा असते तरी किती? १०० मिलिमीटर व्यासाची ९ मीटर लांबीची नळी घेतली, तर तिच्यात सुमारे ७० लिटर हवा मावते. तिचे वजन भरते साधारण ८५ ग्रॅम. कित्येक टनांचा बंब एवढ्याशा हवेपुढे हतबल होतो.

खेड्यातून आलेल्या सभासदांना हे नवीन नाही. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की शेतकरी पंपात बादलीने पाणी ओततो आणि मगच बटण दाबतो. हे प्रायमिंगच आहे. नळीच्या टोकाला असलेला फुटव्हॉल्व्ह ते पाणी खाली जाऊ देत नाही. शेतातली मोटार एकाच जागी असते, म्हणून ही पद्धत तिथे चालते. बंबाला मात्र दर वेळी नवी जागा, नवे पाणी आणि कोरडी नळी मिळते. बादल्या ओतीत बसायला तिथे सवड नसते.

पाणी ओढले जात नाही, ढकलले जाते

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो. वास्तविक पाण्याला ओढून वर आणता येत नाही. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब विहिरीतल्या पाण्यावर सतत पडत असतो. नळीतली हवा काढून घेतली की आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला नळीत वर ढकलते. नारळाच्या पाण्यात स्ट्रॉ घालून आपण पितो तेव्हा नेमके हेच घडते.

हवेच्या दाबाला मर्यादा आहे. साधे पंप १० मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाहीत, हा अनुभव गॅलिलिओच्या काळातील कारागिरांना होता. पुढे १६४४ च्या सुमारास त्याचा शिष्य टॉरिचेली याने पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने याचा उलगडा केला. हवेचा दाब ७६ सेंटीमीटर पारा किंवा सुमारे १०.३ मीटर पाणी तोलून धरतो. जगातला कोणताही प्रायमर याच्या पुढे जाऊ शकत नाही.

व्यवहारात तर एवढीही उंची मिळत नाही. नळीतील घर्षण, जाळीचा अडथळा आणि पाण्याची होणारी वाफ यांत काही मीटर खर्ची पडतात. म्हणून ७ ते ७.५ मीटर ही कामाची मर्यादा मानतात. उंच ठिकाणी हवा विरळ असल्याने ही मर्यादा आणखी कमी होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथे मुंबईच्या तुलनेत साधारण दीड मीटरचा तोटा होतो.

ही गोष्ट आपल्या सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. उन्हाळ्यात पाणी ४० फुटांवर, म्हणजे १२ मीटरवर गेले असेल, तर काठावर उभा असलेला बंब ते पाणी उचलू शकणारच नाही. यात जवानांचा दोष नसतो आणि यंत्राचाही नसतो. अशा वेळी पाण्याजवळ उतरवता येईल असा लहान पंप किंवा पाण्यात बुडणारा पंपच लागतो.

हवा काढण्याच्या तऱ्हा

आता प्रायमर म्हणजे हवा काढणारे उपकरण कसे असते ते पाहू. त्याच्या मुख्य तऱ्हा पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली तऱ्हा इंजिनाच्या धुरावर चालते. धुराची नेहमीची वाट क्षणभर बंद करून तो एका अरुंद तोंडातून जोराने सोडतात. वेगाने जाणारा धूर शेजारच्या नळीतली हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. पूर्वी घरोघरी असणाऱ्या फ्लिटच्या पंपात हवेच्या झोताने डब्यातले औषध वर येत असे, तेच तत्त्व येथे आहे. यात फिरणारे भाग जवळजवळ नसतात, मात्र इंजिन जोरात चालवावे लागते. काही गाड्यांत धुराऐवजी ब्रेकसाठी साठवलेली दाबाची हवा याच कामी वापरतात.

दुसरी तऱ्हा पाण्याच्या कड्याची. गोल डब्यात पात्यांचे चाक मध्यापासून थोडे बाजूला बसवलेले असते. डब्यात थोडे पाणी असते. चाक फिरले की ते पाणी कडेला जाऊन त्याचे कडे तयार होते. चाक मध्यावर नसल्यामुळे पात्यांमधले कप्पे एका बाजूस मोठे व दुसऱ्या बाजूस लहान होतात. मोठा होणारा कप्पा हवा आत घेतो, लहान होणारा ती बाहेर टाकतो. धातूवर धातू घासत नसल्याने झीज कमी होते. मात्र या प्रायमरला स्वतःलाच थोडे पाणी लागते. ते संपले असेल, तर चाक नुसतेच फिरते.

तिसरी तऱ्हा दट्ट्याची. सायकलचा पंप उलटा चालवल्याप्रमाणे दट्टे मागेपुढे होऊन हवा बाहेर काढतात. काही पंपांत ही योजना स्वयंचलित असते. पंपातला दाब गेला की दट्टे आपोआप कामाला लागतात आणि पाणी येऊन दाब निर्माण झाला की बाजूला होतात.

चौथी तऱ्हा बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीची. यात सरकत्या पात्यांचा छोटा पंप असतो. अमेरिकेतल्या बंबांवर हा प्रकार विशेष आढळतो. पूर्वी त्याला वंगण म्हणून तेल लागे. आता तेलाविना चालणारे प्रकारही निघाले आहेत.

तऱ्हा कोणतीही असो, काम एकच. हवा काढायची, मुख्य पंपात पाणी आणून द्यायचे आणि बाजूला व्हायचे. पुढची सगळी मेहनत मुख्य पंपाची.

दोष कसा शोधतात?

अनुभवी यंत्रचालकाची नजर पंपावरच्या निर्वात दाखवणाऱ्या काट्यावर असते. पाणी १ मीटर वर चढवायला सुमारे ७.४ सेंटीमीटर पाऱ्याइतका निर्वात लागतो. पाणी ५ मीटर खाली असेल, तर काटा ३७ च्या आसपास जायला हवा. काटा वर चढतच नसेल, तर कुठेतरी हवा आत शिरते आहे असे समजावे. कपलिंगमधला रबरी वॉशर फाटला असेल, सांधा ढिला राहिला असेल किंवा पंपाची एखादी तोटी उघडी असेल. उलट काटा खूप वर गेला आणि तरी पाणी नाही, तर जाळी गाळाने बुजली आहे किंवा पाणी फार खोल आहे. एका काट्यावरून दोन वेगळे रोग ओळखता येतात.

साधारण पाऊण मिनिटात पाणी आले नाही, तर तसेच रेटत न राहता थांबून दोष शोधतात. पाण्याविना फिरणाऱ्या पंपाचे सील तापून खराब होतात. नळी टाकण्यातही शिस्त असते. ती पाण्यापासून पंपापर्यंत चढतीच असावी. मध्ये कठड्यावरून कमान झाली, तर त्या कमानीत हवा अडकून बसते. टोकाची जाळी तळाच्या गाळात रुतू नये आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळही नसावी. तिच्यावर साधारण दोन फूट पाणी असावे, अन्यथा भोवरा होऊन त्यातून हवा आत जाते.

म्हणूनच आग नसतानाची तपासणी फार मोलाची. नळीचे टोक बंद करून कोरडा निर्वात घेतात आणि काटा किती वेळ टिकतो ते पाहतात. अमेरिकेतील प्रचलित कसोटीत २२ इंच पाऱ्याइतका निर्वात घेऊन ५ मिनिटांत तो १० इंचांहून अधिक उतरता कामा नये, असा दंडक आहे. रोजची रोकड संध्याकाळी जुळवल्याशिवाय आम्ही घरी जात नाही. त्याच जातीचे हे काम आहे. किरकोळ वाटणारा वॉशर वेळीच बदलला, तर पुढे एखादे घर वाचते.

आपण काय करावे?

हे वाचून कोणी विचारील, यात आमचा काय संबंध? संबंध आहे. बंब पाण्यापासून ७ मीटरच्या आत पोहोचला तरच ही सारी विद्या उपयोगी पडते. वस्तीतली विहीर कचरा व निर्माल्य टाकून बुजवली, भूमिगत टाकीच्या झाकणावर स्कूटर उभ्या केल्या, गल्लीच्या तोंडाशी ओटे वाढवले, तर उत्तम प्रायमरही काही करू शकत नाही. प्लास्टिकची एक पिशवी जाळीवर बसली तरी पाणी थांबते. आपल्या वसाहतीत पाणी कुठे आहे, उन्हाळ्यात ते किती खोल जाते आणि बंब तिथवर येतो काय, हे एखाद्या रविवारी दोरी व टेप घेऊन तरुणांनी मोजून ठेवावे. १०१ क्रमांकावर आगीची वर्दी देताना जवळचे पाणी कुठे आहे हेही सांगावे. ही माहिती आगीच्या वेळी लाखमोलाची ठरते.

विद्यार्थ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. अग्निशमन हे शास्त्र आहे आणि त्याचे शिक्षण आपल्याच राज्यात मिळते. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून तेथे कार्यरत आहे. यंत्राची आवड आणि सेवेची वृत्ती असलेल्या मुलामुलींनी या क्षेत्राचा अवश्य विचार करावा.

१४ एप्रिल या तारखेचे महत्त्व आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. हाच दिवस देशात अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर भयंकर स्फोट झाले आणि आग विझवताना साठाहून अधिक जवानांनी प्राण गमावले. त्या आठवड्यात अग्निशमन केंद्रांवर प्रात्यक्षिके होतात. पालकांनी मुलांना घेऊन तिथे जावे, यंत्रचालकाला प्रायमर दाखवायला सांगावे आणि काटा चढताना स्वतः पाहावे.