पुकारा होण्याआधी

पन्हाळ्यावर येणारा माणूस बहुधा तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी बघायला येतो. पण कोर्टाच्या दिवशी सकाळच्या एसटीतून उतरणाऱ्यांत काही चेहरे वेगळे असतात. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक कागद असतो. तो आतापर्यंत चार जणांना दाखवून झालेला असतो, तरी गडावर आल्यावर पाचव्याला दाखवला जातो. तो कागद म्हणजे समन्स. अमुक तारखेला सकाळी हजर राहावे, साक्ष द्यायची आहे.

तालुक्याच्या कोर्टाचा व्हरांडा तो केवढा! आरोपी तिथेच चार पावलांवर उभा असतो. त्याच्याभोवती त्याची माणसं, त्याचे वकील, वकिलांचे सहायक. साक्षीदार खांबाला टेकून एकटा. आपला पुकारा कधी होईल, आत गेल्यावर कुठं उभं राहायचं, कुणाकडे बघून बोलायचं, जेवायला जाऊन यावं का, यातलं काहीही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण सहज म्हणून जातो. पण ज्याचं डोकं फुटलंय, ज्याच्या लेकीला उचलून नेलंय, ज्यानं शेजाऱ्याच्या दारातला वार डोळ्यांनी पाहिलाय, त्याला ती पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसतं. अशा माणसाच्या बाजूनं कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलाबद्दल हा लेख आहे.

फौजदारी खटल्याचं नाव 'सरकार विरुद्ध अमुक' असं असतं. गुन्हा समाजाविरुद्ध घडला असं कायदा मानतो आणि समाजाच्या वतीनं सरकार लढतं. तालुक्याच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता असतो, सत्र न्यायालयात सरकारी वकील. आरोपीला त्याचा वकील असतो. परवडत नसेल तर सरकारी खर्चानं मिळतो, आणि मिळायलाच हवा. यात मार खाल्लेला माणूस कुठं असतो? साक्षीदारांच्या यादीत. बहुतेक वेळा पहिल्या क्रमांकावर, पण साक्षीदारच. स्वतःच्याच दुःखाच्या खटल्यात तो पाहुण्यासारखा येतो, विचारलं तेवढं सांगतो आणि जातो. पुढं जामिनाचं काय झालं, निकाल कधी लागला, हे पुष्कळदा गावातल्या चावडीवरून कळतं.

पूर्वी हे असं नव्हतं. शिवकाळात आणि पेशवाईत निवाडा गोतसभेपुढं व्हायचा आणि त्याचा महजर, म्हणजे निवाडपत्र, लिहिला जायचा. त्यावर वतनदारांच्या आणि बलुतेदारांच्या साक्षी असत, कुणाची नांगराची निशाणी, कुणाची तराजूची. त्या व्यवस्थेत जात होती, वतनाचा दाब होता, दिव्यासारखे अघोरी प्रकार होते; ती परत यावी असं कुणी म्हणणार नाही. पण साक्ष देणारा आपल्या माणसांत उभा राहून बोलत असे, एवढं खरं. इंग्रजी अमदानीतल्या कोर्टानं त्याला कठड्यात एकटं उभं केलं आणि ते एकटेपण पुढं दीडशे वर्षं तसंच राहिलं.

जगात या प्रश्नाकडे लक्ष गेलं ते १९७०च्या दशकात. १९७४ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात पीडितांना आधार देणारी तिथली पहिली संघटना सुरू झाली. त्याच सुमारास अमेरिकेत सरकारी वकिलांच्या कार्यालयांत साक्षीदारांना मदत करणारी स्वतंत्र माणसं नेमायला सुरुवात झाली. ती वकील असतीलच असं नाही. साक्षीदाराला तारीख कळवणं, त्याच्या शेजारी बसणं, भरपाईचा अर्ज भरून देणं हेच त्यांचं काम. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांनी पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. आपल्याकडे महाराष्ट्र तसा मागं नव्हता. १९८४ सालीच टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. मुंबईतच फ्लेविया ॲग्नेस यांच्या 'मजलिस' संस्थेच्या वकील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत पीडितेबरोबर फिर्यादीपासून निकालापर्यंत चालत आल्या आहेत.

कायद्यातला खरा बदल ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाला. फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली आणि पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येईल, असं त्यात लिहिलं गेलं. आरोपी सुटला, कमी कलमाखाली शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी मिळाली तर अपील करण्याचा हक्कही तेव्हाच आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं हे सगळं कायम ठेवून त्यात भर घातली. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवायचं आहे, आणि सरकारला खटला मागं घ्यायचा असेल तर आधी पीडिताचं म्हणणं ऐकून घ्यायचं आहे.

मात्र या वकिलाचे हात मोकळे नाहीत. कोर्टाच्या बोलीत त्याच्या कामाला 'असिस्ट टू पीपी' म्हणतात, म्हणजे सरकारी वकिलाला साहाय्य. त्याला स्वतः उलटतपास घेता येत नाही, तोंडी युक्तिवाद करता येत नाही. पुरावा संपल्यावर परवानगीनं लेखी युक्तिवाद देता येतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली हे स्पष्ट केलं. एखादा प्रश्न सुटतोय असं दिसलं तर त्यानं चिठ्ठी लिहायची आणि सरकारी वकिलाच्या हातात द्यायची. त्या चिठ्ठीला मी कमी लेखणार नाही. एका दिवसात कितीतरी फायली हाताळणाऱ्या सरकारी वकिलाला प्रत्येक जबाबातली ओळ न् ओळ लक्षात राहत नाही. ज्यानं एकच फाइल रात्रभर वाचलेली असते त्याच्या दोन ओळींनी फेरतपासाची दिशा बदलू शकते. पुढं एप्रिल २०२२ मध्ये, आंदोलक शेतकऱ्यांवर गाडी घातल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, असं सांगून तिथल्या आरोपीचा जामीन रद्द केला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तर २०१६ पासून स्वतंत्र प्रकरणच आहे. जामिनासह प्रत्येक सुनावणीची आगाऊ सूचना, बोलण्याचा हक्क, प्रवासाचा आणि निर्वाहाचा खर्च, हे सगळं त्यात आहे.

पण या वकिलाच्या कामाचा मोठा भाग कोर्टात दिसतच नाही. तो पुकारा होण्याआधी होऊन गेलेला असतो.

घटनेला तीन-चार वर्षं झालेली असतात. पोलिसांपुढं दिलेला जबाब हवालदारानं आपल्या शब्दांत लिहिलेला असतो. 'सदर इसमाने' वगैरे भाषा साक्षीदाराची नसते. म्हणून तो जबाब त्याला आधी वाचून दाखवावा लागतो. इथं एक रेघ आहे आणि चांगला वकील ती ओलांडत नाही. आठवण करून देणं वेगळं आणि पढवणं वेगळं. पढवलेला साक्षीदार उलटतपासात पाच मिनिटांत उघडा पडतो, आणि तो उघडा पडला की त्याचं खरंही खोटं ठरतं. उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं, प्रश्न कळला नाही तर परत विचारा म्हणायचं, समोरचे वकील आवाज चढवतील तरी उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्यायचं. एवढंच सांगायचं असतं, पण हेच कुणी सांगत नाही. शक्य असेल तर आदल्या तारखेला रिकामं कोर्ट दाखवून आणायचं: न्यायाधीश इथं बसतात, लिहून घेणारे इथं, तुम्ही इथं उभे राहणार, पाय दुखले तर खुर्ची मागायची. अनोळखी खोलीची भीती निम्मी तिथंच जाते.

मग बारीकसारीक अर्ज. साक्षीदाराच्या भत्त्याचा, मधे पडदा लावण्याचा, बंद दालनात साक्ष घेण्याचा. तहकुबीला हरकत घेण्याचा तर खासच, कारण साक्षीदार हजर असताना विशेष कारणाशिवाय तारीख पुढं ढकलू नये असं संहितेतच आहे. पावसाळ्यात दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून गडावर आलेल्या बाईला 'आज नाही, पुढच्या महिन्यात या' हे वाक्य काय वाटतं, ते तिलाच विचारावं. जुलै २०२१च्या पावसात चार दरवाजाजवळ गडाचा मुख्य रस्ताच खचला होता. अशा वर्षी एक तारीख वाया जाणं म्हणजे काय, हे या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आणि गंभीर गुन्ह्यांचे खटले तर गडावर चालतच नाहीत. ते कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात चालतात, म्हणजे कोल्हापूरपर्यंतचा आणखी वीस किलोमीटरचा रस्ता.

साक्षीदार फितूर का होतो? आपण पटकन म्हणतो, पैसे खाल्ले. काही खातातही. पण गावात राहणाऱ्या माणसाचा ऊस त्याच वाटेनं कारखान्याला जातो, पाणी त्याच पाटातून येतं, मुलगी त्याच एसटीनं कॉलेजला जाते. त्याला धमकी द्यायला कुणाला फार बोलावंही लागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या दोन खटल्यांचे निकाल काही दिवसांच्या अंतरानं लागले. कोपर्डीच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात साक्षी टिकल्या आणि तिघा आरोपींना फाशीची शिक्षा झाली. खर्ड्याच्या नितीन आगे या शाळकरी दलित मुलाच्या खुनाच्या खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. जिल्हा तोच, महिना तोच. मला हा फरक नुसता नशिबाचा वाटत नाही. साक्षीदाराच्या पाठीशी कोण उभं आहे, यावर पुष्कळ काही ठरतं.

यावर उपाय कागदावर आहे आणि चांगला आहे. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि पोलिसांनी धोक्याचा अहवाल कामकाजाच्या पाच दिवसांत द्यायचा असतो. धोका जिवाचा, मालमत्तेचा की नुसत्या त्रासाचा, हे पाहून संरक्षण ठरतं: घराभोवती गस्त, कॅमेरा, कोर्टात ने-आण, फारच गंभीर असेल तर दुसरीकडे राहण्याची सोय. पण अर्ज केल्याशिवाय यातलं काही होत नाही, आणि अर्ज करता येतो हेच कुणाला ठाऊक नसतं.

मुलांच्या बाबतीत कायदा जास्त हळवा आहे, आणि तसाच असायला हवा. पॉक्सो कायद्यानुसार वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही, न्यायाधीशांमार्फत विचारायचा. आरोपी मुलाच्या नजरेस पडू द्यायचा नाही. मुलासोबत एक आधार व्यक्ती असते. ११ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशा असुरक्षित साक्षीदारांसाठी देशभर स्वतंत्र साक्षकेंद्रं उभारण्याचा आदेश दिला. त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, मूकबधिर मुलीच्या खटल्यात त्याच न्यायालयानं अशा केंद्रांची गरज सांगितली होती. तोही खटला महाराष्ट्रातलाच.

कोल्हापूर जिल्ह्याला अलीकडे जवळून पाहायला मिळालेलं प्रकरण म्हणजे हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याच्या अश्विनी बिद्रे-गोरे यांचं. पोलीस दलात अधिकारी असलेली ही लेक ११ एप्रिल २०१६ पासून बेपत्ता झाली. आरोपी अभय कुरुंदकर हाही पोलीस अधिकारी होता, आणि त्याला राष्ट्रपती पदकही मिळालं होतं. मृतदेह कधीच सापडला नाही. घरच्या माणसांनी नऊ वर्षं पाठपुरावा सोडला नाही. ५ एप्रिल २०२५ रोजी पनवेलच्या सत्र न्यायालयानं कुरुंदकरला दोषी ठरवलं आणि २१ एप्रिलला जन्मठेप सुनावली. ज्या खटल्यात यंत्रणेचाच माणूस कठड्यात असतो, तिथं कुटुंबानं नुसतं समन्सची वाट बघत बसून भागत नाही, हे यातून दिसलं.

एक अंतर मात्र खरोखर कमी झालं आहे. चाळीसहून अधिक वर्षांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथं चालतात. आरोपीच्या जामिनाला विरोध करायचा किंवा निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करायचं, तर पीडिताला आता रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायला नको.

उणीव आहे ती वेगळीच. २०२२ पासून विधी सेवा प्राधिकरणानं आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत उभारायला घेतली. गरीब आरोपीला चांगला वकील मिळतोय, ही आनंदाची गोष्ट आहे. पीडितांसाठी आणि साक्षीदारांसाठी तसंच पूर्णवेळ कार्यालय का नसावं? पॅनेलवरचा वकील मिळतो, पण तो मागावा लागतो, आणि मागणारा माणूस तोवर खचलेला असतो. प्रत्येक तालुका कोर्टाच्या आवारात एक खोली, त्यात एक वकील आणि एक समाजकार्यकर्ती, एवढी मागणी शासनाकडे करावी असं मला मनापासून वाटतं.

तोवर आपल्याला करता येण्यासारखं आहे ते हे. वस्तीत कुणाला समन्स आलं तर त्या घरी जा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, हे त्यांना सांगा. बलात्काराच्या, ॲसिडहल्ल्याच्या आणि बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत मनोधैर्य योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. पोलिसांना स्त्रीचा, १५ वर्षांखालच्या किंवा ६० वर्षांवरच्या माणसाचा जबाब घ्यायचा असेल तर त्यांनी घरी यायचं, ठाण्यावर बोलवायचं नाही. मोफत वकिलाचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे द्यायचा. ही समिती तालुक्याच्या कोर्टातच असते आणि अर्जाला पैसे पडत नाहीत. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. आणि तारखेच्या दिवशी त्यांच्याबरोबर गडावर जा.