देवाचे फूल आपल्या अंगणातले असावे

कालिदासाच्या 'मेघदूता'तील विरही यक्षाने आषाढातील मेघाला अर्घ्य दिले, ते ताज्या कुटजपुष्पांचे. कुटज म्हणजे आपला कुडा. विदर्भाच्या रानात पावसाच्या तोंडावर तो पांढराशुभ्र फुलतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी यक्षाचा रामगिरी म्हणजे आमचे रामटेकच, असे प्रतिपादिले. त्या यक्षाने अर्घ्यासाठी दुर्मिळ फुले शोधली नाहीत. भोवती जे फुलले होते, तेच ओंजळीत घेतले.

गणेशोत्सवात मात्र पहाटेच्या वेळी निराळेच दृश्य दिसते. हाती परडी घेतलेली भाविक मंडळी परक्या कुंपणावर ओणवलेली असतात! देवासाठी तोडलेले फूल ही चोरी नव्हे, असे समाधान मीही अनेक वर्षे करून घेतले. एका पहाटे शेजारच्या वृद्ध माउली आपल्याच जास्वंदीपुढे रिकामी परडी घेऊन उभ्या दिसल्या. त्यांची फुले माझ्या परडीत होती. त्या काही बोलल्या नाहीत. परंतु त्या दिवशी पूजेत माझे चित्त लागले नाही.

मग मी अंगणात जास्वंद लावली. पहिल्याच पावसाळ्यात कळ्या गळल्या, पाने पिवळी पडली. दोष माझा होता. आपल्याकडील काळी माती पाणी धरून ठेवते आणि जास्वंदीला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. दुसरे रोप लावताना मातीत रेती व चांगले कुजलेले शेणखत मिसळले आणि ते उंचवट्यावर लावले. जास्वंदीला पाच-सहा तास ऊन हवेच. मात्र वैशाखात नागपूरकडचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा कुंडीतील रोप दुपारी आडोशाला ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी ओसरताच हलकी छाटणी करावी. शेंड्यांवर कापसासारखी पांढरी कीड दिसताच ती पाण्याच्या धारेने धुवावी आणि साबणाच्या पाण्यात थोडे कडुनिंबाचे तेल ढवळून फवारावे.

एवढी निगा ज्यांना जमणार नाही, त्यांनी तगर किंवा कण्हेर लावावी. कण्हेर उन्हाला सहसा दाद देत नाही. परंतु तिचे पान, फूल, चीक सारेच विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर विशेष घातक. घरात लहान मुले असतील, तर ही झाडे न लावणेच बरे. निर्माल्य कुजवून त्याचे खत पुन्हा झाडालाच घालावे.

सत्यभामेच्या अंगणातील पारिजातकाची फुले रुक्मिणीच्या दारी पडत, ही कथा मी कीर्तनात कितीदा तरी रंगविली आहे. ती फुले आपणहून पडत, कोणी ओरबाडून नेत नसे, हे मात्र मला फार उशिरा उमगले.

आज माझी जास्वंद भरभरून फुलते. देव्हाऱ्यात जाण्यापूर्वी पहिली पाच फुले मी त्या माउलींच्या परडीत ठेवतो. गणरायाची पूजा तेथूनच सुरू होते, असे मला वाटते.